सदानंदची आफ्रिका

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की गिरिजा गॅरेजमध्ये जायची, गाडीत बसायची, काचा वर करायची आणि टांझानियाला पोचायची. गाडी जागची हलायची नाही. कॅनबेराच्या उत्तरेला गुंगालिन नावाचं उपनगर आहे, तिथल्या एका चारचौघांसारख्या विटांच्या घराचं हे गॅरेज. बाहेर जुलैची थंडी, कोपऱ्यावरून घंटा वाजवत जाणारी ट्राम, कुंपणावर भांडणारे मॅगपाय. यातलं काही सांगलीला ऐकू जायला नको, म्हणून काचा वर.

सांगलीला तिच्या सासूबाई होत्या, वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या समजुतीप्रमाणे थोरला मुलगा सदानंद आणि सून गिरिजा हे दोघंही आफ्रिकेत एका इस्पितळात सेवा करत होते. खरी गोष्ट अशी होती की सदानंद मार्चमध्ये वारला होता, कॅनबेरातच, आणि गिरिजा त्याच आठवड्यात परत आली होती. हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. आईंना तेवढं नव्हतं.

आपल्याकडे वाईट बातमी लपवायची एक पिढीजात हौस आहे. लांब असलेल्याला सांगायचं नाही, कारण तो लांब आहे. म्हाताऱ्याला सांगायचं नाही, कारण तो म्हातारा आहे. परीक्षा असलेल्याला सांगायचं नाही, आजाऱ्याला तर नाहीच नाही. मग उरतं कोण? ज्याला त्या बातमीने काही फरक पडत नाही तो. त्याला सगळं अथपासून इतिपर्यंत सांगितलं जातं. गिरिजाच्या सासरी ही हौस जरा जास्तच होती, आणि गिरिजानेही ती बिनतक्रार उचलली होती.

ती आणि सदानंद कॅनबेराला आले तेव्हा तो युनिव्हर्सिटीत शिकत होता आणि ती त्याच्या मागोमाग आलेली नवी नवरी होती. पुढे तो सरकारी खात्यात कॉम्प्युटरच्या कामाला लागला. ती एका पॅथॉलॉजी सेंटरमध्ये लोकांचं रक्त घ्यायला लागली. गुंगालिनमधल्या निम्म्या लोकांच्या शिरा तिला ओळखीच्या होत्या, पण त्यातला एकही माणूस तिच्या घरी कधी आला नव्हता. शेजाऱ्याचं नाव तिला कळलं ते त्याचं पार्सल चुकून तिच्या दारात पडलं तेव्हा.

मुलगा अर्णव युनीसाठी मेलबर्नला गेला, आणि तिने पन्नाशी ओलांडल्यावर एकदम काढलं, मी वर्षभर टांझानियाला जाते. डोंगरातल्या एका लहानशा इस्पितळाला तान्ह्या बाळांचं रक्त कसं घ्यायचं ते शिकवणारं माणूस हवं होतं. झालं, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. तिची मैत्रीण शुभदा म्हणाली, "अगं, इन्शुरन्स नीट वाच. हेलिकॉप्टरने उचलून आणतात का ते बघ आधी!" आईंनी सांगलीहून फोनवर रडून घेतलं. सदानंदने तिच्या फोनमध्ये काहीतरी बसवलं, म्हणजे ती कुठे आहे ते त्याला एका निळ्या ठिपक्यात दिसेल. स्वतः एप्रिलमध्ये महिनाभर येणार होता. तोवर ठिपका बघणार होता.

आणि तिथे गेल्यावर गिरिजाला काय झालं, तर काहीच झालं नाही. ती बरी होती. नुसती बरी नाही, फार बरी होती. सकाळी बाजारातून चालत इस्पितळात जायचं, वाटेत भेटेल त्याची विचारपूस करायची आणि आपली करून घ्यायची, यातच अर्धा तास मोडायचा. ती ज्यांच्या घरात भाड्याने राहायची त्या मामा नीमा, तिथे 'मामा' म्हणजे आई, रोज झोपायच्या आधी भिंतीवर थाप मारून विचारायच्या, "सालामा?" म्हणजे सुखरूप ना? पलीकडून गिरिजानेही "सालामा" म्हटलं की दिवस मिटला. एकदा ताप आला आणि ती बाजारात दिसली नाही, तर केळीवाला म्हातारा दुकान उघडं टाकून दारात हजर. तो मलेरिया होता. तिने सदानंदला सांगितलं नाही. इस्पितळाच्या औषधांच्या खोलीचं कुलूप कुणीतरी फोडलं, तेही सांगितलं नाही. उगाच काळजी करत बसेल.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा. "सगळं ठीक?" "ठीक. तुझं?" "ठीक." तिचा जीव भांड्यात पडायचा, त्याचाही पडत असावा. इकडे जानेवारीपासून त्याच्या छातीत दुखत होतं. डॉक्टरने हार्टच्या स्पेशालिस्टकडे पाठवलं होतं, पण सदानंदनेच तारीख पुढे ढकलली होती. हे अर्णवला माहीत होतं. "डोन्ट टेल मम," सदानंदने त्याला बजावलं होतं, "ती सगळं सोडून पळत येईल."

मार्चमधला तो दिवस घरून काम करायचा होता. सकाळच्या मीटिंगला सदानंद आला नाही. दुपारपर्यंत ऑफिसला वाटलं नेट गेलं असेल. मग कुणीतरी शुभदाला फोन केला, ती जादा किल्ली घेऊन गेली, तर तो स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी खाली पडलेला. सकाळीच गेला असणार, असं डॉक्टर म्हणाले.

टांझानियात बातमी पोचली तेव्हा मामा नीमाच्या घरात बायका जमल्या, गिरिजाच्या भोवती जमिनीवर बसल्या आणि "पोले", म्हणजे वाईट झालं गं, म्हणत राहिल्या. ठेच लागली तरी पोले म्हणतात आणि माणूस गेलं तरी पोलेच. त्या बसल्या ते तिची गाडी येईपर्यंत. कॅनबेरात लोकांनी डबे आणले, झाकणावर नाव लिहून. काही लागलं तर सांग, असं प्रत्येकाने म्हटलं. गिरिजाने डबे धुऊन ज्याचे त्याला पोचवले आणि पुन्हा कामावर गेली. रडू आलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ असतो पण आपला नसतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. लोक म्हणाले, धीराची आहे. तिला त्याचंही काही वाटलं नाही.

तिकडे सांगलीत त्याच आठवड्यात आई न्हाणीघरात पडल्या होत्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. धाकटा दीर चारुदत्त फोनवर म्हणाला, "वहिनी, आत्ता सांगणं शक्य नाही. डॉक्टर म्हणतात, धक्का नको. मी सांगितलंय, दादा सुट्टी काढून तुमच्याकडे आफ्रिकेला गेलाय. तो जाणारच होता ना? रेंज नसते म्हणून व्हिडिओ नाही. तेवढं तुम्ही सांभाळून घ्या."

गिरिजा "बरं" म्हणाली. त्या दिवसांत ती सगळ्यालाच बरं म्हणत होती.

चारुदत्त माणूस वाईट नाही. त्याने कृष्णेच्या घाटावर भावाचे दिवस चोरून केले, आईला ऑफिसला जातो सांगून. डोक्याचा गुळगुळीत गोटा झाला, तेव्हा म्हणाला, तिरुपतीचा नवस होता. आई म्हणाल्या, "मग लाडू कुठाय?" बिचारा मिठाईच्या दुकानातून लाडू घेऊन आला, आणि आईंनी तो डोळ्यांना लावून खाल्ला. हे त्याने गिरिजाला सांगितलं तेव्हा दोघंही हसली होती.

तर असा तो रविवारचा फोन सुरू झाला. पहिल्या वेळी आईंनी विचारलं, "सदा कुठाय?" आणि गिरिजाच्या तोंडून निघून गेलं, "बाजारात गेलाय, आई, केळी आणायला."

"केळी? कसली असतात गं तिकडे? वेलची का बसराई?"

"वेलचीसारखीच, पण जाड सालीची."

"घासाघीस करतो का?"

"केळीवाला म्हातारा त्याच्या ओळखीचा झालाय. एक फणी वर घालतो."

मग दर रविवारी सदानंद आफ्रिकेत थोडाथोडा स्थायिक होत गेला. गिरिजाला काही बनवावं लागत नव्हतं. जे तिच्या वाट्याला आलं होतं ते ती त्याला देत होती. इस्पितळातल्या पोरी तिला मास्तरीणबाई म्हणायच्या, आता सदाला मास्तर म्हणू लागल्या. वाटेत लहान मुलं त्याला "शिकामू" म्हणू लागली. शिकामू म्हणजे पाय धरतो, हे ऐकून आई खूश झाल्या. "म्हणजे रीत आहे हो तिकडेही," त्या म्हणाल्या. ताप आला तर केळीवाला बघायला आला, तोही सदाला. मामा नीमा भिंतीवर थाप मारायच्या ती दोघांसाठी. ज्या माणसाने कॅनबेरात तीन गल्ल्या सोडून असलेल्या दुकानात जायलाही गाडी काढली, तो आता डोंगराच्या वाटेने पायी जात होता आणि त्याला एकही क्षण एकटं सोडलं जात नव्हतं.

आठवड्यातल्या बाकी वेळात गिरिजा सुया टोचायची, भांडी मशीनमध्ये लावायची, अर्णव मेलबर्नहून बाडबिस्तरा घेऊन परत आला होता त्याला दोन वेळा विचारायची, काय खाणार. गाडीतल्या त्या अर्ध्या तासात मात्र तिच्या आत काहीतरी हलायचं. ते थांबू नये असं तिला वाटायचं. अर्णवला हे कळत नव्हतं. "मम, आजीला कधी सांगणार? धिस इज सो मेस्ड अप," तो म्हणायचा. "काकांना विचारून सांगू," ती म्हणायची. काकांकडे दर वेळी नवं कारण असायचं. आधी टाके, मग व्यायाम, मग उन्हाळा. मरणाची बातमी द्यायलाही चारुदत्त मुहूर्त बघत होता, आणि खरं सांगायचं तर गिरिजाला तो लागूच नये असं वाटत होतं. आईंना सांगितलं, म्हणजे तिकडचा सदानंदही संपला.

जुलैच्या मधल्या एका रविवारी आईंचा आवाज वेगळा होता. केळ्यांची चौकशी नाही, काही नाही.

"गिरिजा, तो शेजारी आहे का?"

"नाही, आई. बाहेर गेलाय."

"बाहेर नाही गेला. तू म्हणतेस बाहेर. मला कळतंय ते. तो माझ्याशी बोलत नाहीये."

गिरिजाचा हात स्टिअरिंगवर होता. तो तिने काढून मांडीवर ठेवला.

"फेब्रुवारीत मी त्याला फार बोलले," आई म्हणाल्या. "म्हटलं, बायकोला एकटीला त्या परमुलखात धाडलंस आणि आपण एसी लावून बसलास, लाज कशी वाटत नाही? तो म्हणाला, आई, ती तिथे मजेत आहे. मी म्हटलं, बायको संकटात आणि नवरा म्हणतो मजेत. फोन आपटला मी. तेव्हापासून त्याने एक शब्द टाकलेला नाही माझ्याशी. म्हणून तडक उठून तिकडे आला ना तुझ्याकडे? मला दाखवायला?"

"नाही, आई, तसं काही..."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस. लहानपणीही असाच रुसायचा, पण दोन दिवसांत यायचा. आता पाच महिने झाले. माझं वय बघ. त्याला सांग, आईचं चुकलं म्हणावं. आई पाया पडायला तयार आहे म्हणावं, पण बोल एकदा."

गिरिजाने "सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला. गॅरेजमध्ये बराच वेळ बसून राहिली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई मेलेल्या मुलाची माफी मागत होती, आणि तो रुसलाय या समजुतीवर रोज रात्र काढत होती. धक्का बसू नये म्हणून ही सगळी व्यवस्था. रोजच्या फोनवरचं ते "ठीक, तुझं?" तिला आठवलं. तिलाही असंच सांभाळलं होतं सगळ्यांनी. सदानंदने, अर्णवने. ती डोंगरात सुखाने झोपत होती, कारण तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. एक शब्द कुणी बोललं असतं तर ती आली असती. त्याला ओढत दवाखान्यात नेलं असतं. हे तिला मार्चपासून माहीत होतं, फक्त नीट वाक्य करून तिने ते मनात कधी म्हटलं नव्हतं.

तिने चारुदत्तला फोन केला.

"भावजी, आईंना सांगायचंय."

"वहिनी, आता? श्रावण तोंडावर आलाय. गणपती होऊन जाऊ दे. सणासुदीचं घर आहे."

"त्यांना वाटतंय सदा रुसलाय."

"वाटू दे की! रुसलाय म्हणजे आहे तरी ना कुठेतरी!" चारुदत्तचा आवाज फाटला. "तुम्ही तिकडे. इथे तिच्या उशाशी मी आहे. काही झालं तर मी काय करू?"

तो खरंच उशाशी होता. "मी पुढच्या रविवारी सांगणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही घरात थांबा, आणि डॉक्टरांना आधी विचारून ठेवा." चारुदत्तने फोन ठेवला. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. डॉक्टर म्हणाले, आता चालेल, गोळी दिली आहे.

पुढच्या रविवारी गिरिजा पुन्हा गॅरेजमध्येच गेली. घरात बसून बोलायचं तिने ठरवलं होतं, पण पाय इकडेच वळले. फोन जाऊबाईंनी, नीरजाने उचलला आणि तसाच आईंच्या हातात दिला.

"सांगितलंस त्याला?" आई म्हणाल्या.

"आई, सदा तुमच्यावर रुसलेला नाही. सदा वारला, आई. मार्चमध्ये. हार्ट अटॅक आला."

पलीकडे नीरजा "आई, पाणी घ्या" म्हणाली आणि आई तिला म्हणाल्या, "थांब गं."

"मार्चमध्ये कधी?"

"तुमचं ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात."

"म्हणजे चारूचा तो गोटा..." आई म्हणाल्या आणि थांबल्या. "लाडू खाल्ला मी."

"हो, आई."

"तिकडे तुझ्याकडे आला तेव्हा गेला?"

"तो आलाच नाही तिकडे. घरीच गेला, कॅनबेरात."

"कोण होतं जवळ?"

हा प्रश्न येणार हे गिरिजाला माहीत होतं. आठवडाभर तिने यावर काय सांगायचं ते ठरवलं होतं. अर्णव होता, शुभदा होती, डॉक्टर लगेच आले. आईंना बरं वाटेल असं बरंच काही तिने जुळवून ठेवलं होतं.

"कुणी नव्हतं," ती म्हणाली. "सकाळी गेला. दुपारी कळलं."

"एकटा होता."

"हो."

"आणि मी त्याला बोलले, बायकोला एकटीला सोडलंस." आईंचा आवाज चिरकला. "आपण सगळे तुझी काळजी करत बसलो गं. तुझी!"

मग आई रडायला लागल्या. मोठ्याने, तोंड उघडून, लाजलज्जा न ठेवता, "माझा सदा" म्हणून. नीरजा रडत होती, मागे चारुदत्तही. फोन कुणीच बंद केला नाही. गिरिजा ऐकत राहिली. तिचे डोळे कोरडे होते. तिला आईंचा हेवा वाटला, सरळसरळ हेवा. आपल्याला असं कधी रडता येणार, असं तिला वाटलं.

बऱ्याच वेळाने आईंनी नाक शिंकरलं.

"मग ती केळी कोण आणायचं?"

"मी."

"पोरं पाया पडायची ती?"

"माझ्या."

"तापात तो केळीवाला?"

"मलाच ताप होता, आई. मलेरिया. ते सगळं माझं होतं. तुम्हाला सांगताना त्याच्या नावावर केलं."

"म्हणजे सदा मला म्हणाला होता ते खरं होतं," आई सावकाश म्हणाल्या. "तू तिथे मजेत होतीस."

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सेफ होतं का, पाणी कसं होतं, साप होते का, हे सगळ्यांनी विचारलं होतं. नवरा इकडे एकटा असताना तू तिकडे मजेत होतीस का, हे शुभदाने नाही, अर्णवने नाही, तिचं तिनेही नाही. खोटं बोलायला आताही वाव होता.

"हो, आई," गिरिजा म्हणाली. "मी फार मजेत होते. इतकी आयुष्यात कधी नव्हते."

तिला वाटलं, आता आई फोन ठेवतील. ठेवला असता तर तिला ते पटलंही असतं. पलीकडे आईंचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्यामागे सांगलीतल्या रस्त्यावरचा भाजीवाला.

"मला तुझा राग आलाय, गिरिजा," आई म्हणाल्या. "चारूचाही आलाय. सगळ्यांचाच आलाय. कधी जाईल माहीत नाही."

"हो, आई."

"पण तू फोन ठेवू नकोस."

गिरिजाने फोन ठेवला नाही.